थिएटरच्या मामांना राहिलेलं उत्तर

व्याही,

तुमच्या तेराव्याला सगळे दोन-दोन शब्द बोलले. तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बोलले, हॉस्पिटलातले दोन जुने सोबती बोलले. शेवटी तुमच्या प्रकाशनं, माझ्या जावयानं, माझ्याकडं पाहून "बाबा, तुम्ही?" असं विचारलं. मी उठलो नाही. हातानंच नको म्हटलं आणि खाली बघत बसलो. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. गहिवरलो वगैरे काही नव्हतो. रागावलो होतो. मेलेल्या माणसावर चारचौघांत रागावता येत नाही, म्हणून घरी येऊन लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातलीही निम्मी वाडीत केळीला पाणी लावण्यात गेली. तेव्हा जसं येईल तसं वाचा.

सेक्रेटरी म्हणाले, "मामा शांतपणे गेले." दुपारी जेवून खुर्चीत बसलात, विहीणबाई ताक घेऊन आल्या तोवर मान कललेली. याला शांतपणे जाणं म्हणतात. मी याला पळून जाणं म्हणतो. ज्या टेबलावर मला झोपवलंत, त्याच टेबलावर जायची तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही पाठ फिरवलीत. आणि जायच्या आधी मला एक प्रश्न विचारून गेलात. मी त्याचं उत्तर दिलं नाही. तिथंच आपलं भांडण तुटलं.

शैला तुमच्या घरात दिली तेव्हापासून आपलं कधी पटलं नाही. तुम्ही मालवणकडचे, मुंबईत नोकरी, नवघरला दोन खोल्यांचा फ्लॅट. मी गिरीजचा वाडीवाला. साखरपुड्यातच मी बोलून गेलो होतो की माझा केळीचा एक वाफा तुमच्या सबंध घरापेक्षा मोठा आहे. तुम्ही हसून म्हणालात, "खरं आहे, व्याही. पण आमच्याकडे डास कमी." माझ्या तोंडी 'पानी' आलं की तुम्ही हळूच 'पाणी' म्हणायचात, जसा काही मी तुमच्या शाळेत बसलोय. तुमचा रुबाब कसला, तर मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरचे मामा. डॉक्टर म्हणा, नर्सबाया म्हणा, सगळे तुम्हाला मामाच म्हणत. भूल देणाऱ्या मॅडमच्या उजव्या हाताला एकोणतीस वर्षं उभे राहिलात आणि निम्मे डॉक्टर होऊन आलात.

मग माझ्या छातीनं दगा दिला. केळीचा लोंगर खांद्यावर घेतला की बांधावर बसावं लागे. तुम्हीच मला नेऊन तपासण्या केल्यात. तीन नळ्या बंद आणि हृदय अर्ध्या ताकदीवर आलेलं. छाती उघडायची म्हणाले. मी म्हटलं, फणस फोडायचाय का? नाही जाणार.

तुम्ही महिनाभर दर रविवारी वाडीत आलात. बावखलाच्या काठावर पाय सोडून बसायचात, पाण्यात खडे टाकायचात आणि मला शिकवायचात.

"व्याही, नुसतं झोपेचं औषध भरपूर दिलं तर तुमच्यासारखं दमलेलं हृदय एकदम बसतं. प्रेशर धाडकन खाली. म्हणून मॅडम दुसरं औषध देतात. अफूच्या घराण्यातलं."

"मला अफू देणार?"

"अफू नव्हे हो. अफूची पुतणी, कारखान्यात जन्मलेली. ती हृदयाला धक्का देत नाही. हाताला धरून हळूच खाली बसवते."

"आणि उठवते कोण?"

"मी असतो ना तिथं."

मी खोदून खोदून विचारलं. मग पोटातलं ओठावर आलं. हे औषध हृदय सांभाळतं, पण ठोके मंदावतात. कधीकधी छाती फळीसारखी ताठ होते, श्वास घेता येत नाही, मग ती सैल करायला आणखी एक औषध. दुखणं मात्र साफ मारून टाकतं. झोपेची तेवढी खात्री नाही, झोपेचं वेगळं द्यावं लागतं आणि दुबळ्या हृदयाला ते जपून, मापात. म्हणून सगळं सावकाश.

मी म्हटलं, "बावखलातलं पानी पाटाला सोडतो तसं. एकदम सोडलं तर आळी फुटतात."

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "तस्संच! उद्यापासून तुम्हीच या भूल द्यायला."

त्या एका वाक्यावर मी तयार झालो. 'पानी' म्हटलं आणि तुम्ही सुधारलं नाहीत, हेही एक.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मॅडम माझ्या खाटेजवळ आल्या. बारीक चणीची बाई, डोळ्याला चष्मा, बोलणं नेमकं. दात हलतात का, गोळ्या कुठल्या, तंबाखू खाता का, आधी कधी भूल घेतली का. तुम्ही पायथ्याशी कागद घेऊन उभे होतात. मग विचारलं, "दारू?"

"नाही."

"कधीतरी, सणावाराला?"

"थेंब नाही, बाई."

मी खोटं बोलत नव्हतो. आजही सांगतो, माझ्या हिशेबी मी खोटं बोललो नाही. रोज सकाळी भंडारी माझ्याच माडावरून उतरला की एक तांब्या माडी, आणि दिवसभर ठेवून आंबलेली संध्याकाळी दीड. माझा बापही घेई, त्याचा बापही. आमच्याकडे तिला कोणी दारू म्हणत नाही. दारू दुकानातून येते आणि माणसाला रस्त्यात पाडते. मी तर संध्याकाळी दीड तांब्या घेऊनही वाडीचा हिशेब तोंडी सांगत असे. पण ते सगळं त्या बाईला सांगायचं म्हणजे तिनं कागदावर 'पितो' असं एका शब्दात लिहिलं असतं. मला तो शब्द माझ्या नावापुढं नको होता.

तुम्हाला माहीत होतं. माझ्या ओट्यावर बसून तुम्हीही अर्धा पेला घेतला होतात, तोंड वाकडं करून. मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही कागदाकडं पाहिलंत. मुलाच्या बापानं सुनेच्या बापाला परक्या बाईपुढं, वॉर्डात दहा माणसं असताना, 'हे पितात' असं म्हणायचं नसतं. व्याह्यानं व्याह्याची अब्रू झाकायची असते. तुम्ही रीत पाळलीत. आणि मी तुमच्याकडं पाहिलं ते, पाळा, असं सांगायलाच पाहिलं होतं. एवढं मला कळतं. मी अडाणी असेन, आंधळा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटर. तिथं इतका गारठा की माझे दात वाजत होते. तुम्ही हिरव्या कपड्यांत, तोंड बांधलेलं, नुसते डोळे दिसत होते. तुमची ती पुतणी हातातल्या सुईतून वर चढली. आधी नाकाला खाज सुटली, मग सगळं अंग ऊबदार, सैल. डोक्याशी एक यंत्र टिक टिक करत होतं. माझ्या लहानपणी वाडीत रहाट होता, त्याची गाडगी एकामागून एक वर येऊन पाणी ओतायची, तसा तो आवाज. मग बैल दमल्यावर रहाट जसा रेंगाळतो, तसा तो रेंगाळायला लागला. एक टिक. मग कितीतरी वेळ काही नाही. मग आणखी एक.

"बेचाळीस," कोणीतरी म्हणालं.

"थांबा, पुढं सोडू नका. ठोके वाढवायचं द्या आधी." हा मॅडमचा आवाज.

माझी छाती फळी झाली होती. श्वास आत घ्यायचा म्हटलं तर आत कोणी दारच लावून घेतलेलं. मग तोंडावर काहीतरी दाबलं, वारा आत आला, रहाट पुन्हा चालू लागला. अंग सैल पडलं ते इतकं की पापणी उचलेना, बोट हलेना. त्यांना वाटलं मी झोपलो. मी झोपलो नव्हतो. मी ऐकत होतो.

तेव्हा तुमचा आवाज आला. "मॅडम, यांच्या डोळ्यातून पाणी येतंय."

"मामा, जरा बाजूला व्हा."

"पुसलं तरी परत येतंय, मॅडम. हे जागे आहेत. हे पितात. रोज पितात, सकाळ-संध्याकाळ. काल मी बोललो नाही."

टिक टिक तेवढी.

"आत्ता सांगता, मामा? एकोणतीस वर्षं झाली ना तुम्हाला इथं? रोज घेणाऱ्याला एवढ्या मापानं झोप लागते का?" आणि मग दुसऱ्या कोणाला तरी, "झोपेचं आणखी द्या. थोडं थोडं, प्रेशर बघत बघत. घाई केलीत तर हृदय बसेल."

एवढं मी ऐकलं. त्यानंतर आणखी एक गोष्ट ऐकली, ती मी आजवर कोणाला सांगितली नाही. ती शेवटी सांगतो.

तिसऱ्या दिवशी घशातली नळी काढली आणि आवाज फुटला तेव्हा मी पहिलं वाक्य तुम्हाला बोललो. "सगळ्यांपुढं मला बेवडा म्हणालात."

तुमचा चेहरा पडला. क्षणभरच. मग तुम्ही चादर सारखी करायला लागलात. "मी? कधी?"

"थिएटरात. मी ऐकलं."

"स्वप्न पडलं तुम्हाला, व्याही. भुलीत पडतात. लोकांना काय काय दिसतं."

संध्याकाळी मॅडम आल्या. "बाबा, त्या दिवशीचं काही आठवतं का? काही ऐकू आलं होतं? मनात ठेवू नका, सांगा." तुम्ही पुन्हा पायथ्याशी उभे. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न माडीचाच होता. मी म्हटलं, "काही नाही, बाई. गाढ झोप." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग तुमच्याकडं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेल्या. माझ्या बाजूनं बोलू शकेल असं एकच माणूस होतं आणि त्याला मी माझ्या तोंडानं घालवलं.

मग आठ वर्षं तुम्ही मला छळलंत. हो, छळलंतच म्हणतो. शैलाकडे गणपतीला पाहुणे जमले की तुमचं सुरू व्हायचं, "आमच्या व्याह्यांना भुलीत फुकट पिक्चर दिसला." नातवंडं विचारायची, आजोबा, पिक्चरमधे कोण होतं? मी म्हणायचो, तुमचा दुसरा आजोबा होता, चुगली करत होता. सगळे हसायचे. तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं. माझ्या मुलीच्या घरात, माझ्या नातवंडांपुढं, मी आठ वर्षं स्वप्नं रंगवून सांगणारा म्हातारा झालो. जन्मात कोणी माझ्या शब्दाला खोटं म्हटलं नव्हतं. बाजारात माझ्या केळ्यांचं वजन कोणी पुन्हा करून बघत नसे.

आणि खरं सांगायचं तर मला तरी कुठं सगळं खरं हवं होतं? तुम्ही बोललात एवढं कबूल व्हायला हवं होतं. काय बोललात ते नको होतं. घरी आल्यावर मी भंडाऱ्याला येऊ नको म्हटलं आणि शैलाला सांगितलं की तो माड आता माडी देत नाही. माड चांगला होता. यंदाही त्याला नारळ आहेत.

मग यंदा तुमची पाळी आली. छातीत कळ, घाम, त्याच तपासण्या, त्याच बंद नळ्या. मॅडम आता मोठ्या झाल्या होत्या, हाताखाली पाच-सहा डॉक्टर. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, "मामा, तुम्हाला मी भूल देणार, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही." तुम्ही नाही म्हणालात. ज्यानं हजारो माणसांना त्या टेबलावर धीर दिला तो माणूस नाही म्हणाला. प्रकाश चिडला, विहीणबाई रडल्या. शेवटी शैला वाडीत आली. "बाबा, तुम्ही त्यातून गेला आहात. ते तुमचंच ऐकतील."

मी सुकेळ्यांचं पुडकं घेऊन आलो. राजेळी केळ्यांची, घरी उन्हात वाळवलेली, तुम्हाला आवडतात ती. आपण गॅलरीत बसलो. समोर नव्या बिल्डिंगचे खांब ठोकत होते. तुम्ही एक सुकेळं हातात घेतलंत आणि खाल्लं नाहीत, नुसतं फिरवत राहिलात.

"व्याही, एक विचारू? खरं सांगाल?"

"मी खोटं कधी बोललोय?"

तुम्ही हसलात सुद्धा नाही. "दुखलं का?"

"कधी?"

"त्या दिवशी. तुमच्या डोळ्यातून पाणी येत होतं तेव्हा."

आठ वर्षं! आठ वर्षं ज्या वाक्यासाठी थांबलो होतो ते तुम्ही असं सहज माझ्यापुढं ठेवलंत. माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे. मी खुर्चीतून उठलोच.

"म्हणजे मी जागा होतो! आता कबूल करता?"

"मी दुखलं का विचारतोय."

"आधी कबूल करा. शैलाला हाक मारा, तिच्यापुढं म्हणा. प्रकाशपुढं म्हणा. मग सांगतो."

तुम्ही खांब ठोकणाऱ्या माणसांकडं तोंड फिरवलंत. मग म्हणालात, "इतकी वर्षं त्या टेबलावरचे चेहरे बघितले, व्याही. सगळे झोपलेले. तुमचा एकच जागा होता. तो जात नाही डोळ्यापुढून."

"मग म्हणा ना तसं शैलापुढं!"

तुम्ही सुकेळं पुडक्यात परत ठेवलंत. "जाऊ दे. स्वप्नच असेल तुमचं. चहा घेणार?"

मी चहा घेतला नाही. जिना उतरलो ते जिंकून उतरलो. रिक्षा न करता गिरीजपर्यंत चालत गेलो, वाटेत एकटाच हसलो असेन. शैलानं विचारलं तर म्हटलं, तुझा सासरा भित्रा आहे. त्यानंतर दीड महिना मी तुमच्याकडं फिरकलो नाही. तुम्ही येऊन कबूल कराल म्हणून वाट बघत होतो. वाडीत खुर्चीसुद्धा टाकून ठेवली होती बावखलाजवळ. तुम्ही आला नाहीत. प्रकाशचा फोन आला.

आता बसून विचार करतो. तुम्ही स्वप्न स्वप्न म्हणत राहिलात ते माझी अब्रू राखायला की स्वतःची? माझं पिणं झाकायला, की आदल्या दिवशी गप्प राहिलात ते? मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल. एकदा रीत मोडलीत माझा जीव वाचवायला, आणि मग जन्मभर ती मोडलीच नाही असं दाखवत बसलात. त्याची किंमत मी दिली असं मला इतकी वर्षं वाटत होतं. आता कळतं की तुम्हीही देत होतात. फक्त मी कुरकुर करून, तुम्ही हसून. याचाही मला राग येतो. तुम्हाला मला एकदा बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मलाही आलं असतं. दोन म्हातारे एका बावखलावर बसून खडे टाकत राहिले आणि कोणी तोंड उघडलं नाही.

शैला म्हणते, बाबा, त्यांचं वय झालं होतं, ऑपरेशन करूनही काय झालं असतं कोणी सांगावं. मला समजवायला म्हणते. पण तुम्ही मला विचारत होतात, तिला नव्हे. भीती त्या टेबलाची नव्हती, माझ्या चेहऱ्याची होती. आणि तो चेहरा काय म्हणत होता हे या जगात मला एकट्याला माहीत होतं.

तेव्हा ऐका आता. उशिरा देतो आहे, माझ्या हट्टामुळे देतो आहे, हेही लिहून ठेवतो.

दुखलं नाही, व्याही. जराही नाही. तुमच्या पुतणीनं तिचं काम चोख केलं होतं. छाती ताठ झाली तेव्हा घाबरलो, जाम घाबरलो, बैल बसला आता असं वाटलं. पण दुखणं नव्हतं. डोळ्यातून पाणी आलं ते दुखण्याचं नव्हतं. अंग हलेना, हाक मारता येईना, आणि कापसाचा बोळा घेऊन कोणीतरी माझा डोळा पुसत होतं, पुन्हा पुसत होतं. ते हात तुमचे आहेत हे मला कळत होतं. हातमोज्यातून सुद्धा कळत होतं. मॅडम रागावल्या, मग तुम्ही माझ्या कानाशी वाकलात आणि जन्मात मला कधी अरे-तुरे न केलेला माणूस आपल्या गावच्या बोलीत म्हणाला, "भिया नको रे. मी हयच आसय."

त्यानंतर भीती गेली. मग झोप आली. एवढंच झालं होतं.

हे गॅलरीत सांगायला किती वेळ लागला असता? चहा यायच्या आत सांगून झालं असतं. तुम्ही गेला असतात मॅडमकडे, मी बाहेर बाकावर बसलो असतो आणि आजही आपण भांडत असतो.

शैला चार दिवस माझ्याकडं आली आहे, आत पोळ्या लाटते आहे. तिला हाक मारली आहे, हात धुऊन येते म्हणाली. आली की हे सगळं तिच्यापुढं मोठ्यानं वाचणार आहे. तुम्ही कबूल केलं नाहीत, मी करतो. मी पीत होतो. मी जागा होतो. मला दुखलं नाही. तुम्ही तिथंच होतात.